खुलाशाचा कागद

मी सोळा वर्षांची असताना आमच्या घरात सात महिने अबोला होता आणि तो चालवायचं काम माझ्याकडे होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई, अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. दोघं एकाच छपराखाली राहत, सकाळी एकाच डबीतली विभूती कपाळाला लावत, अव्वाच्या एकाच टोपल्यातली भाकरी खात, पण एकमेकांशी शब्द बोलत नसत. सास्तूरचं आमचं घर लहान, या टोकाचं बोललेलं त्या टोकाला ऐकू यायचं. तरीही जेवायला बसल्यावर अप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, "गौरा, त्याला इचार, चटणी पायजे का." अण्णा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचा. त्यानं ऐकलेलं असायचं. पण मी विचारल्याशिवाय तो उत्तर द्यायचा नाही आणि उत्तरही मलाच द्यायचा, "त्यांना म्हणावं, नको." मग मी अप्पांना सांगायची, नको म्हणतोय. मध्ये भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा. आमच्या घरी ज्वारीच्या पातळ भाकरी वाळवून कडक करून ठेवत, त्या पुष्कळ दिवस टिकत. त्या मोडताना काटकी मोडल्यासारखा आवाज होतो. ते सात महिने मला त्या आवाजानंच आठवतात. अव्वाला हे बघवायचं नाही. चटणी वाढता वाढता ती म्हणायची, "दोगंबी एका हट्टाचे, आन ही पोरगी मदी भरडली चाललीय."

अबोल्याचं कारण सांगायचं तर अप्पांचा धंदा सांगावा लागतो. अप्पा अर्जनवीस होते. तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बैठक टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, आणि लोक बोलणार मराठी नाहीतर कानडी. कुणाची विहीर दाबली गेलेली, कुणाचं शेत चुलत्यानं आपल्या नावावर चढवून घेतलेलं. माणसं येऊन तासन्‌तास सांगत. अप्पा मान हलवत ऐकत आणि मग बोरू उचलून एका पानात सगळं बसवत. त्या पानाच्या वर परत दोन ओळी लिहीत, खालच्या मजकुराचं सार. हाकिम त्या दोन ओळीच वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा एक बाई घरी आली आणि नवरा कसा गेला, दिरांनी कसं बाहेर काढलं, ते सांगत दुपारभर रडली. अप्पांनी दोन ओळी लिहिल्या. अव्वा चिडली. "तिनं येवढं रडून सांगितलं आन तुमी दोन वळीत उरकलं व्हय?" अप्पा म्हणाले, "अगं, रडण्याला कचेरीत जागा न्हाय. आपल्या पदरचं घालायचं न्हाय, आन ज्याच्यावर निकाल लटकलाय ते सोडायचं न्हाय. बाकी समदं चाळून टाकायचं. त्याला गोषवारा म्हणत्यात."

अण्णाला हेच पटायचं नाही. अप्पांनी खटपट करून त्याला कचेरीत उमेदवारीला लावलं होतं. पुढं मुन्शी झाला असता. तीन आठवड्यांत तो उठून आला आणि दीड कोसावरच्या एका खेड्यात शाळामास्तर झाला. अप्पांनी विचारलं, कशापायी सोडलीस. तो म्हणाला, "लोकांची गाऱ्हाणी तुमच्या पानात येऊन मरतात. मला ते करायचं न्हाय." ज्या पानांवर आम्ही सगळे जेवत होतो त्यांच्याबद्दल तो असं बोलला. अप्पा काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर बोललेच नाहीत.

मग मधली मी. आधी मी निरोप जसाच्या तसा पोचवायची, पण त्यानं आग भडकायची, म्हणून हळूहळू मी चाळायला लागले. अण्णा म्हणायचा, "त्यांना सांग, हाकिमाच्या उंबऱ्यावर नाक घासायला मी जन्मलो न्हाय." मी अप्पांना सांगायची, "अण्णाला आज यायला उशीर हुईल." अप्पा म्हणायचे, "त्याला म्हणावं, मोठा आला शहाणा, पायात काय घालून जातो ते तरी बघ." मी अण्णाला सांगायची, "वहाण शिवायला टाक म्हणत्यात." मला ते छान जमायचं. खरं सांगते, मला त्याचा गर्वही होता. घरात भांडण होत नव्हतं ते माझ्यामुळं, असं मी धरून चालले होते.

चौथीनंतर गावात मुलींना शाळा नव्हती, म्हणून अण्णाच मला घरी शिकवायचा. एका रविवारी त्यानं व्याकरण काढलं. ज्याला हात लावता येतो ते एक नाम आणि ज्याला हात लावता येत नाही, पण असतं, ते भाववाचक नाम. राग, माया, गरिबी. मी विचारलं, "अबोला कोणतं?" त्यानं पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, आज एवढं पुरे. हे आता आठवलं, कारण परवा माझ्या नातीनं मला फोन केला. तिचा मोठा प्रबंध लिहून झालाय, आता त्याचं ॲबस्ट्रॅक्ट मराठीत द्यायचंय. आजी, मराठीत काय म्हणू? मी म्हटलं, सारांश म्हण, गोषवारा म्हण. ती म्हणाली, भाववाचक नामालाही ॲबस्ट्रॅक्टच म्हणतात, आणि ज्या चित्रात काय काढलंय ते कळत नाही त्यालाही. मला नवल वाटलं. एवढ्या लांबच्या गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात कशा नांदतात? मग ती म्हणाली, उर्दूत कुठंतरी खुलासा असाही शब्द दिसतो, तो घालू का? मी म्हटलं, तो घालू नकोस. का ते मी तिला सांगितलं नाही. इथं सांगते.

आमच्या घरात खुलासा या शब्दाचे तीन अर्थ होते आणि तिन्ही बरोबर होते. अव्वाच्या तोंडी तो पोटासाठी असायचा. एरंडेल घे, पोटाला खुलासा होईल. अण्णाच्या तोंडी तो आपल्या मराठीतला, म्हणजे ठपका आला की द्यायचं उत्तर, काय घडलं आणि का घडलं ते उघड करून सांगणं. आणि अप्पांच्या तोंडी तो कचेरीतच यायचा, उर्दूतला. तिथं खुलासा म्हणजे सार, त्या वरच्या दोन ओळी. घरात आमच्याशी बोलताना अप्पा गोषवाराच म्हणत, त्यामुळं त्यांचा हा तिसरा अर्थ आम्हा कुणालाच ठाऊक नव्हता.

दसरा होऊन गेला होता. दिवस फार वाईट होते. संध्याकाळी दारं लवकर लागायची, माणसं ओळखीच्या माणसाशीसुद्धा इकडं तिकडं बघून बोलायची. सोलापूरकडच्या हद्दीवरून राज्याविरुद्धची पत्रकं घेऊन माणसं येत आणि पकडलं गेलं तर परत दिसत नसत. तसे तिघं अण्णाच्या शाळेत आले. एकाचा पाय सुजलेला होता. अण्णानं त्यांना शाळेच्या मागच्या खोलीत दोन दिवस ठेवून घेतलं. घरून भाकरी नेल्या, अव्वाला सांगितलं की शाळेतल्या पोरांना देतो. तिसऱ्या दिवशी ते निघून गेले. हे त्यानं घरात फक्त मला सांगितलं, विहिरीवरून पाणी आणताना. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तो खूश होता आणि त्याला भीतीही वाटत होती.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. अण्णा दुपारीच शाळेतून परत आला. हातात कागद होता, तालीमखात्याचा, म्हणजे शाळा ज्यांच्या हाताखाली त्यांचा. कचेरीच्या माणसानं शाळेत आणून दिला होता. भरभर ओढलेलं उर्दू अक्षर. अण्णाला उर्दू यायचं, पण शाळेत शिकवतात तेवढं. त्यानं मला वाचून दाखवलं. मदरशाच्या हालातीचा खुलासा लगोलग पाठवावा, असं काहीतरी होतं. तेव्हा कागदोपत्री आमची मराठी शाळाही मदरसाच होती. "हालात," अण्णा म्हणाला. "म्हंजे शाळेत घडलं ते. त्यांना कळलंय, गौरा. खुलासा मागितलाय." अव्वा चुलीपाशी होती. तिनं अर्धंच ऐकलं आणि विचारलं, "खुलासा? कुणाचं पोट बिगडलंय?" एरवी आम्ही हसलो असतो.

अण्णानं मला परसात नेलं. म्हणाला, "अप्पांना जाऊन सांग. तीन माणसं होती, दोन दिस होती, आन आता खुलासा मागितलाय, हे समदं सांग. आन इचार, दडवू का सांगून टाकू? कचेरीतलं त्यांना कळतं." सात महिन्यांत पहिल्यांदाच तो त्यांना काही विचारत होता. मी गेले. अप्पा सोप्यात चाकूनं बोरू तासत बसले होते. मी तोंड उघडलं आणि मला त्या तीन माणसांची भीती वाटली. अप्पांना कळलं तर ते काय बोलतील, अण्णा काय बोलेल, आणि आज जो दरवाजा जरा किलकिला झालाय तो कायमचा लागेल, असं मला वाटलं. मी म्हणाले, "अप्पा, अण्णा इचारतोय, खुलासा कसा लिवायचा?"

अप्पांचा हात थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितला. मुलगा शेवटी त्यांचीच विद्या विचारत होता. ते सावकाश, चवीनं बोलायला लागले. "त्याला म्हणावं, खुलासा थोडक्यात असावा. दोन-चार वळींच्या म्होरं जाऊ नये. खरं आसंल तेवढंच लिवावं, आत हाय ते दडवू नये, न्हाय ते घुसडू नये. हाकिमाला लपवाछपवी लगीच कळती." मग बोरू खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन म्हणावं, धाडायच्या आदी आणून दाखव मला. मी बगतो."

परसात परत यायला मला दहा पावलं चालावी लागली. तेवढ्यात मी चाळलं. आणून दाखव म्हटलं तर अण्णा उसळेल, मी काय शाळकरी पोर हाय का म्हणेल, आणि सगळं मुसळ केरात. थोडक्यात लिही हे तर मला सांगण्यासारखंच वाटलं नाही. मी अण्णाला म्हणाले, "अप्पा म्हणत्यात, खरं आसंल ते लिव, काईबी दडवू नगं." अण्णानं विचारलं, "असं म्हणले?" मी म्हटलं, व्हय. "आन त्या माणसांचं ऐकून काय म्हणले?" मी म्हटलं, "काईच न्हाय म्हणले." त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, वडिलांनी सगळं ऐकलं, रागावले नाहीत आणि खऱ्याला धरून राहा म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत तो लिहीत होता. चार पानं झाली. ते लोक कधी आले, एकाच्या पायाला काय झालं होतं, त्यांच्याजवळ काय होतं, आपण त्यांना का ठेवून घेतलं, सगळं. भाकरीसुद्धा आपणच नेल्या, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, असं त्यानं मुद्दाम घातलं. दुसऱ्या दिवशी चालत तालुक्याला जाऊन तो कागद देऊन आला. त्या रात्री जेवताना अप्पा दोनदा त्याच्याकडे बघून थांबले, जणू आता तो कागद काढून दाखवणार होता. अण्णा त्यांच्याकडे बघून हसला. अप्पांनी मान खाली घातली. मी ताक वाढत होते आणि मला वाटत होतं, आता दोन-चार दिवसांत हे बोलायला लागतील.

आठव्या दिवशी अण्णाला शाळेतूनच नेलं. त्याची टोपी, खडूचा डबा आणि जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी तेवढी शाळेतल्या एका पोराच्या बापानं आणून दिली. अप्पा तसेच तालुक्याला गेले, मला बरोबर घेऊन. कचेरीत एक म्हातारे मुन्शीजी होते, अप्पांचे बरेच जुने ओळखीचे. ते आम्हाला लिंबाखाली घेऊन आले. हळूच म्हणाले, "अप्पाजी, हर मदरसे को वही कागज गया था. बच्चे कितने, छत कैसी. हम तो खुलासा मंगे थे. सफाई कौन मंगा?" सफाई म्हणजे आरोपीनं द्यायचं उत्तर. कुणाला काहीच कळलेलं नव्हतं. कुणी काही विचारलेलंच नव्हतं. पोरं किती आणि छप्पर गळतं का, एवढ्या दोन ओळी लिहायच्या होत्या.

अप्पा लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "मी म्हणलं हुतं, आणून दाखव. सांगितलंस न्हवं त्याला?" मी मान हलवली. हो म्हणून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी तोंड न उघडता बोलले. अप्पा म्हणाले, "मग न्हाय आणलं त्यानं." आणि बैलगाडीत बसल्यावर गाव येईपर्यंत ते तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, हळू, स्वतःशी. न्हाय आणलं. येवढंबी मानलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलासाठी अर्ज लिहायला बसले. खालचा मजकूर लिहून झाला. वरच्या दोन ओळी राहिल्या. बोरू दौतीत बुडवत, वर आणत, शाई वाळून जाई, परत बुडवत. दुपार झाली. अव्वानं हुग्गी केली होती, गव्हाची, गूळ घालून. अण्णाला फार आवडायची आणि का केली ते तिलाही कळत नव्हतं. ती म्हणाली, "दोन वळीच तर ऱ्हायल्यात न्हवं?" अप्पा म्हणाले, "काय सोडू त्यातलं?" एवढं म्हणून ते रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच बघितलं. शेवटी तो अर्ज दुसऱ्या अर्जनविसाकडून लिहून घेतला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

अण्णा परत आला तो नेल्यापासून वर्षभरानं, निजामाचं राज्य गेल्यावर. एका कानानं ऐकू येत नव्हतं, दम लागायचा. गावानं हार घातला, भाषणं केली, देशभक्त म्हणाले. तो मला म्हणाला, "मी कुठं लढलो? एका कागदाला उत्तर दिलं नुस्तं." खुलाशाचा कचेरीतला अर्थ त्याला तुरुंगातच कळला होता आणि तेवढीच गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. त्याला वाटायचं, अप्पांना तर अर्थ ठाऊक होता. सगळं ऐकून घेतलं होतं. तरी म्हणाले, दडवू नको. बाप असा कसा, हे तो कुणाला विचारणार? अप्पा सोप्यात, तो माजघरात. दोघांच्या मनात दोन वेगळी गाऱ्हाणी, दोन्ही माझ्या हातची. अबोला परत सुरू झाला आणि मी परत मधे. "गौरा, त्याला इचार, औषद घेतलं का." "त्यांना म्हणावं, घेतलं." पुढच्या वर्षी अप्पा गेले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "त्याला म्हणावं," आणि पुढं काही बोलले नाहीत, झोप लागली. खांदा द्यायला अण्णा होता. तो रडला नाही.

मी का बोलले नाही? किती वेळा ठरवलं. लग्न होऊन सासरी गेले, पोरं झाली, दर पंचमीला माहेरी येताना गाडीत वाक्यं जुळवायची आणि दारात अण्णा दिसला की गिळून टाकायची. एक समाधान मात्र मी जपून ठेवलं होतं, तेवढ्यावर मी जगले. मी निरोप सांगितला असता तरी अण्णानं कागद अप्पांकडे नेला नसताच. तो किती हट्टी होता ते मला ठाऊक होतं. मग माझ्या गाळण्यानं काय बिघडलं?

शेवटी सांगितलं ते त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणून सांगता तरी आलं. त्या भूकंपात घर गेलं आणि घरात अण्णा होता. त्या उन्हाळ्यात तो अडुसष्टच्या आसपास होता. आम्ही दोघं दारापुढं बाजेवर शेंगा फोडत बसलो होतो. मी त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. अप्पांना त्या माणसांचं मी सांगितलंच नव्हतं. ते थोडक्यात लिही म्हणाले होते. आणि म्हणाले होते, धाडायच्या आधी आणून दाखव मला, मी बघतो.

अण्णाचे हात थांबले. मी घाईनं म्हणाले, "तू नेला नसतास, अण्णा. मला ठावं हाय."

"नेला आसता," तो म्हणाला. "त्यांनी बोलवायचीच वाट बगत हुतो मी. सात म्हैने."

त्यानं एक शेंग उचलली, फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं विचारलं, "आनखी काय काय म्हणले हुते गं ते, त्या सात म्हैन्यांत? जे तू गाळलंस?"

मी आठवायला लागले. अप्पा सोप्यात बसलेले दिसले, तोंड हलताना दिसलं. चाळून मी पुढं काय सांगितलं होतं, ते सगळं आठवलं. त्या दिवसाची आणि अशी एकदोन वाक्यं सोडली, तर अप्पांचं स्वतःचं एकही वाक्य पुरतं आठवेना. मी अण्णाला म्हणाले, आठवून सांगते.